आबांची रेघ

आबा आधी जखमेशी बोलायचे, माणसाशी नंतर.

माझ्या इंटर्नशिपच्या त्या पोस्टिंगची पहिली सकाळ. मी ड्रेसिंगच्या खोलीबाहेर उभी होते. आत जावं की कोणी बोलावण्याची वाट पाहावी, ते ठरत नव्हतं. तेवढ्यात आतून कोणीतरी कोणाला तरी झापायला लागलं. "काय वं, काल ते कितली शहानी व्हती तू! आज हाई पिवळं कोठून आनं?" मला वाटलं, एखादी नर्स बोलणी खातेय. डोकावले, तर एक काटकुळे, निवृत्तीला आलेले गृहस्थ एका शेतकऱ्याच्या पोटरीवर ओणवे झाले होते आणि तिथल्या जखमेलाच जाब विचारत होते. शेतकरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत निवांत पडला होता. त्यांनी जखम धुतली, टिपली, नवी पट्टी बांधली, आणि मग पहिल्यांदाच मान वर करून त्याला म्हणाले, "राम राम भाऊ. घरी बठ्ठं बरं शे ना?"

मग त्यांना मी दिसले. "या मॅडम. मघापासून उभ्या आहात. आवाज जळगावलाच ठेवून आलात का?"

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही तेच म्हणते. खरं नाव छापलेलं त्यांना चालेल का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात ते ड्रेसर होते. म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, पू काढायला डॉक्टरांना मदत करणं, एवढंच त्यांचं कागदावरचं काम. आजूबाजूला केळी आणि कपाशी, वर डोंगर, आणि पावसाळ्यात दर एक-दोन दिवसांनी एखादी मोटरसायकल आवारात घुसायची. पुढे चालवणारा, मागे धरून बसणारा, आणि दोघांच्या मध्ये साप चावलेला माणूस.

मी जळगावातल्या मेहरूणची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं पुस्तकातल्यासारखं. अहिराणी मला भाजीवाल्या मावशींपुरती येत होती. त्यात मी कमी बोलते. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. खरं तर मी वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत थांबते, आणि तोवर विषय बदललेला असतो. आबांचं बरोबर उलटं होतं. त्यांचं वाक्य आधी बाहेर पडायचं, मग ते स्वतः ऐकायचे आणि आवडलं तर हसायचे.

त्यांचं नाक हा आमच्या रुग्णालयातला एक विभागच होता. एकदा एक माणूस पायाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून आला. साप चावल्यावर इंजेक्शनं घेऊन घरी गेलेला, त्याला पाच दिवस झालेले. आबा अजून दारातच होते. तिथूनच त्यांनी नाक वर केलं.

"हळद. चुना. आणि… तंबाखू. तंबाखू कोनी लायी?"

पेशंटच्या भावाने मान खाली घातली. "मीच लायी, आबा."

"वाया घाली ना रे भो! जखम काय थुंकाले जाई?"

वॉर्डभर हसणं उसळलं, तो पाय सुजलेला माणूसही हसला. आबा मात्र तोवर गंभीर झाले होते. पट्टी सोडताना त्यांची बोटं इतकी हळू चालत होती की मला वर्गातल्या एका मुलीची आठवण झाली, ती राख्यांचे धागे असेच सोडवायची. आत मांस काळं पडलं होतं. त्या माणसाला सापाने जे केलं होतं, ते इंजेक्शनांनी कधीच निस्तरलं होतं. पायाची ही दशा त्यानंतर झाली होती.

"साप दोन असतात, मॅडम," ते मला त्या दिवशी म्हणाले. माझ्याशी ते ऑफिसातलं मराठी बोलायचे. "पहिला बांधावरचा. तो चावतो, स्वतःच घाबरतो आणि बिळात जातो. त्याच्यासाठी सरकारने इंजेक्शन दिलंय. दुसरा घरातून निघतो. ब्लेड, चुना, शेण, करकचून बांधलेली दोरी. तो चार दिवसांनी चावतो, आणि तोवर लोक म्हणतात, विष तर उतरलं."

हे मी वहीत लिहून घेतलं. कॉलेजात 'सर्पदंशानंतरचा दुय्यम जंतुसंसर्ग' या विषयावर मी अख्खं प्रकरण पाठ केलं होतं. पण ते माझ्या डोक्यात नीट बसलं ते त्या दिवशी.

साप चावलेल्याचं रक्त गोठतंय की नाही, ते पाहायची एक साधी चाचणी असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी हळूच तिरपी करायची. रक्त जमलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विष अजून काम करतंय. हे काम खरं तर आमचं, पण आबा ते कोणाला करू देत नसत. स्टूल ओढून नळीच्या शेजारी बसायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर, दुसरा हात रस्ता अडवल्यासारखा आडवा. एकदा मोठे डॉक्टर घाईत त्या टेबलाला घासून गेले.

"साहेब, हळू! रक्त झोपतंय."

साहेबांनी खरोखर पाय न वाजवता खोली ओलांडली.

आणि रक्त जमलं की आबा ती नळी हातात उंच धरून व्हरांड्यात निघायचे. "जमलं! जमलं!" नातेवाईक, झाडूवाली, औषधाच्या खिडकीपुढची रांग, सगळ्यांना नळी उलटी करून दाखवायची. दहावीचा निकाल लागलेल्या पोराच्या बापासारखा चेहरा. मीसुद्धा दुसऱ्या आठवड्यापासून त्या आवाजाची वाट पाहायला लागले. 

त्यांच्या ट्रॉलीच्या खालच्या खणात कापूस, गॉज आणि बांगड्या असायच्या. काचेच्या, हिरव्या, तीन-चार मापांच्या. हाताला साप चावला की सूज चढण्याआधी बांगड्या उतरवाव्या लागतात, निघाल्या नाहीत तर फोडाव्या लागतात. आणि नवरा दारात धडधाकट उभा असताना बांगड्या फोडायच्या म्हटलं की बाया विषापेक्षा त्या फुटण्यालाच जास्त घाबरतात. आबा एका हाताने बांगडी फोडायचे आणि दुसऱ्या हाताने चांगल्या मनगटात नवी चढवायचे, त्याच क्षणी. "हाई फुटनी, हाई भरी. हिशोब पुरा." बाई रडायची विसरून मापाबद्दल तक्रार करायची.

आता रेघेबद्दल सांगते. आबा सगळ्यांना माहीत होते ते त्यांच्या रेघेमुळे.

सूज जिथे संपते तिथे कातडीवर पेनाने खूण करायची आणि बाजूला वेळ लिहायची. पुढच्या वेळी पाहिलं की सूज किती सरकली ते लगेच कळतं. आम्हाला हे शिकवलेलं असतं, कोणीही करतं. पण आबा करायचे तेव्हा तो सोहळा असायचा. निळ्या बॉलपेनचं टोपण दातात धरून ते हाताभोवती पूर्ण कडं काढायचे, बांगडीसारखं गोल. आणि जखमेशी बोलायची सवय असल्याने सुजेलाही दम भरायचे. "आठेच बठ. पुढे येशी ते याद ठेव."

दाराशी उभ्या असलेल्या नातेवाईकांना काय दिसायचं? एक म्हातारा माणूस, ओणवा होऊन, दातात काहीतरी धरून पुटपुटतोय, हाताभोवती कडं घालतोय, आणि दोन दिवसांनी माणूस बरा होतोय. बाटल्या बाटल्या सलाईन आणि इंजेक्शनं कोणाच्या लक्षात राहणार? गावोगाव झालं, 'आबानी रेघ.' आबांनी रेघ घातली की विष पुढे जात नाही. विंचवाला रेघ, गळवाला रेघ. एक बाई तर सुजलेल्या पायाची म्हैस घेऊन आवारात आली. आबांनी म्हशीलाही काढली, खडूने.

मी तीन दिवस वाक्य तयार केलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "आबा, तुम्ही लोकांना सांगत का नाही, की ती नुसती खूण असते?"

ते कात्री पुसत होते. "मॅडम, परवाच्या त्या कपाशीवाल्याला तुम्ही काय सांगितलं होतं? इन्फेक्शनचा धोका आहे, पाच दिवस थांबा. तयार झाला?"

"नाही."

"मी सांगितलं, रेघ ओली आहे, पाच दिवस हलू नको. पडलाय बघा गुपचूप." आणि त्यांना स्वतःचंच वाक्य आवडलं. "रेघ ओली आहे!" म्हणत हसत राहिले.

मला राग आला. पण कपाशीवाला खरंच पडून होता आणि त्याचा पाय सुधारत होता. 

सुमनबाई आल्या त्या नागपंचमी होऊन गेल्यावरच्या गुरुवारी. तिशीच्या असतील. केळीच्या बागेत वाळलेली पानं काढताना घोणस उजव्या हाताला चावली, करंगळीच्या मुळाशी. सोबतच्या बायांपैकी कोणीतरी विळ्याच्या टोकाने तिथे चिरा मारला, रक्त जाऊ दे म्हणून. जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, तासाभरात मोटरसायकलवर आणून सोडलं. नवरा सुरतेला कामाला होता. जेठ मोठा शिस्तीचा माणूस. मी जे विचारलं त्याचं नेमकं उत्तर देत होता, कधी चावला, किती वाजता निघालो, वाटेत किती वेळा उलटी झाली. असा नातेवाईक डॉक्टरांना क्वचित मिळतो.

इंजेक्शनं सुरू झाली. आबांनी कोपराच्या खाली रेघ काढली, वेळ लिहिली, सुजेला दम दिला. जेठ बाजूला उभे राहून एखाद्या विद्यार्थ्यासारखं पाहत होते. शुक्रवारी सकाळी नळी व्हरांड्यातून फिरली. "जमलं! जमलं!" सुमनबाई खाटेवरून हसल्या.

शनिवारी दुपारी आबा सुटीवर निघाले. रविवारी कानबाई बसणार होती, म्हणजे श्रावणातल्या त्या देवीची घरी स्थापना. आमच्या खान्देशात ज्या घरी कानबाई बसते, त्या घरचा माणूस कुठेही असला तरी येतो, सुरतेहून येतो, पुण्याहून येतो. आबांच्या घरीही बसायची. निघण्याआधी त्यांनी सुमनबाईंच्या हातावरची जुनी रेघ पुसून नवी काढली, बरोबर बाराला. मग माझ्याकडे आले. "मॅडम, हिच्यावर लक्ष. पहिला गेला. दुसरा दिसला नाही, म्हणून नाहीच असं समजू नका. तो विळा शेतातला होता."

तासाभरात जेठ समोर उभे. "मॅडम, विष उतरनं ना?"

"हो, रक्त आता नीट गोठतंय, पण…"

"बस! मंग सुटी द्या. उद्या कानबाई बसस आमना घर. मनी बायको वारनी, आते हाईच घरनी मोठी सून. इनाबिगर रोटनं दयन कोन दयी?"

कानबाईचे रोट म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मोजून घेतलेल्या गव्हाची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायची. ते पीठ मोठ्या सुनेने दळायचं, ही त्यांच्या घरची रीत. मोठे डॉक्टर बाळंतपणात अडकले होते. मी सुमनबाईंकडे पाहिलं. मनगटावर एक फोड होता, अंग किंचित गरम. रेघेच्या पुढे सूज दोन बोटं सरकली होती. थांबायला हवं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. वाक्यही तयार होत होतं. नर्सने 'स्वतःच्या जबाबदारीवर' लिहिलेला कागद पुढे केला. सुमनबाईंनी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

"तुम्ही थांबा ना," मी एवढंच म्हणाले. तेही बहुतेक मलाच ऐकू आलं.

"आबानी रेघ शे ना हातवर," त्या हसून म्हणाल्या. "माले काय व्हस?"

ती रेघ काहीच करत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मोटरसायकल फाटकाबाहेर गेली होती.

सोमवारी अकराला आबा आले. हातात आमच्यासाठी खिरीचा डबा. रिकामी खाट पाहून डबा तसाच हातात राहिला.

"रेघेच्या पुढे किती होती?"

"दोन बोटं."

"ताप?"

"थोडा."

ते मला रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चला."

त्यांच्या जुन्या मोपेडवर मी मागे बसले. ती मोपेड सायकलपेक्षा जेमतेम पुढे जायची. आबा दोन्ही बाजूंच्या केळीला हॉर्न वाजवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून ओरडून विचारत होते की गाव अजून किती लांब. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. वाटेत नदीवरून कानबाईचं विसर्जन करून परतणाऱ्या बायांचा घोळका लागला, गुलालाने माखलेला, ढोल पुढे. आबांना पाहून त्या बाजूला झाल्या. "आबा उनात! आबा उनात!" आमच्या पुढे-मागे पोरं धावायला लागली. जणू आम्ही वरात घेऊन निघालो होतो.

घराच्या ओसरीवर सगळी भाऊबंदकी जमली होती, फक्त सुमनबाईंच्या नवऱ्याला सुरतेहून सुटी मिळाली नव्हती. परातीत रोट, पातेल्यात गंगाफळाची भाजी. जेठांनी धावत येऊन आबांसाठी पाट मांडला.

"आबा, काही काळजी नही," ते अभिमानाने म्हणाले. "तुमनी रेघ सूजनी मांगे राही गयी व्हती. मंग मी नवी काढी. जशी जशी सूज सरकनी, तशी तशी काढी. येळबी लिखेल शे."

सुमनबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले, कपाळ तव्यासारखं. त्यांनी हातावरचा पदर बाजूला केला.

खालची रेघ आबांची, निळी. तिच्यावर लाल. मग हिरवी. मग दोन जाड काळ्या, कापसाच्या गोण्यांवर आकडे टाकायच्या मार्करच्या. प्रत्येक कडं पूर्ण गोल. प्रत्येकाशेजारी वळणदार अक्षरात वार आणि वेळ. इतकी नीट नोंद मी आमच्या वॉर्डातही पाहिली नव्हती. त्या माणसाने काही म्हणजे काही चुकवलं नव्हतं. शेवटची रेघ काखेपासून चार बोटांवर होती. आणि खाली हाताचा पंजा काळानिळा, फुगलेला, करंगळी मेलेली.

आबा वाकले. वास घेतला. आणि त्यांनी डोकं मागे घेतलं. जखमेला ते एक शब्दही बोलले नाहीत. वळून माणसांकडे पाहिलं.

"हाई रेघ काहीच करत नही," ते म्हणाले. "ऐका रे. मनी रेघ काहीच थांबाडत नही. पेननी रेघ शे ती. इले आते ना आते जळगावले न्या."

ओसरीवर हसू फुटलं. "आबा, मोठा मानूस असंच म्हनस," एक म्हातारा कौतुकाने म्हणाला.

"मी खोटं बोलनू इतला वरीस!"

"दखा, कितला साधा मानूस!"

ते जितकं नाकारत होते तितके लोक हात जोडत होते. आबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचं बोलणं चालत नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मला कळलं की आता वाक्य तयार होण्याची वाट पाहून चालणार नाही.

मी सुमनबाईंचा हात खालून उचलून धरला आणि रेघा वाचायला लागले. मोठ्याने.

"शनिवार, दुपारी बारा. ही आबांची. शनिवार, संध्याकाळी सहा. चार बोटं वर. रविवार, सकाळी नऊ. कोपर ओलांडलं. रविवार, दुपारी तीन. आज सकाळी सात."  सासूबाई, सत्तरीच्या असतील, दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "आजी, आता सूज कुठे आहे? तुम्हीच बोट लावा."

त्यांनी बोट लावलं. शेवटच्या काळ्या रेघेच्या वर.

"रेघेने अडवलं का हो? का रेघच मागे पळतेय?"

म्हातारीने पाचही रेघांवरून बोट फिरवलं, खालून वर. मग जेठांकडे पाहिलं. "मांगे पळी ऱ्हायनी रे," ती म्हणाली. "पाच येळ."

जेठांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी खिशातला मार्कर काढून कोनाड्यात ठेवला. पण मग ते हळूच म्हणाले, "माय, रोट संपेल नहीत. रोट संपस नहीत तवलगून सून शीव ओलांडत नही."

 त्या घराची ती रीत होती आणि मोडायचा हक्क तिथे एकाच व्यक्तीला होता.

"रोट आम्ही खासूत!" म्हातारी कडाडली. "कानबाई मायनी काय सूनना हात मांगेल शे का? उठ वं सुमन! आन तू काय दखस रे, गाडी बलाव!"

गाडी मी आधीच बोलावली होती, वाटेत, मोपेडवरून, फोनवर ओरडून. अर्ध्या तासात अॅम्ब्युलन्स ओसरीपुढे लागली. जळगावपर्यंत आबांनी सुमनबाईंचा हात स्वतःच्या दोन्ही हातांवर उंच धरून ठेवला. मी म्हटलं, उशी लावूया. ते म्हणाले, "उशी डुलकी घेते." केळीचे ट्रक मागे टाकत गाडी पळत होती, सलाईनची बाटली डुलत होती. जेठ पुढे ड्रायव्हरशेजारी बसून दर दहा मिनिटांनी मागे वळून विचारत होते, "सरकनी का? सरकनी का?" पेन मात्र कोणीच काढलं नाही.

जळगावला तासाभरात हात उघडला. वाटीभर पू निघाला, मेलेलं मांस काढलं, करंगळी काढावी लागली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर खांद्यापर्यंतच्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं. हात राहील. चालेल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही.

आबा बाकावर बसले होते. दोन्ही हात अजून तसेच पुढे धरलेले होते. "म्हशीला रेघ काढली ना मॅडम," ते म्हणाले, "तेव्हाच कोणीतरी माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती."

"मी विचारलं होतं," मी म्हणाले.

"विचारलं होतं. इतकं हळू का विचारलंत?"

आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसता हसता मला रडू आलं. त्यांनी खिशातून गॉजचा तुकडा काढून दिला. निर्जंतुक, पाकीटबंद.

त्यानंतर आबांनी रेघ सोडली नाही, पण पद्धत बदलली. पेन नातेवाईकाच्या हातात द्यायचे, रेघ त्याच्याकडूनच काढून घ्यायचे, आणि मग त्याला म्हणायला लावायचे, "हाई रेघ थांबाडत नही. हाई रेघ सांगस. पुढे गयी का डॉक्टरले बलाव." तीन वेळा म्हणवून घ्यायचे, चुकलं तर पुन्हा. काही लोक हिरमुसले. आबांची ताकद गेली, असंही एका गावात बोललं गेलं. हे त्यांना कोणीतरी येऊन सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की अख्ख्या स्टाफला चहा पाजला.

सुमनबाईंच्या मांडीची कातडी काढून हातावर लावली. जळगावहून सुटी झाल्यावर त्या रोज आमच्याकडे ड्रेसिंगला यायच्या, जेठ आणून सोडायचे. जखम सुंदर भरत होती. पण उरलेली चार बोटं लाकडासारखी. आबा जखमेची आरती ओवाळायचे बाकी होते, आणि बोटांकडे पाहिलं की मान खाली घालून पट्टी गुंडाळायला लागायचे. विळा धरणारा, पीठ मळणारा, लेकराची वेणी घालणारा हात होता तो. सुमनबाई एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, हात शे, पन मना वाटत नही."  मी तो हात थोडा वेळ धरून बसले.

माझ्या पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ. आबांनी पट्टी सोडली, जखम पाहिली, तिला काही बोलले नाहीत. तिला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ती भरली होती. त्यांनी स्वतःची तर्जनी सुमनबाईंच्या तळहातावर ठेवली.

"दाब."

काही झालं नाही.

"दाब वं. मना बोटवर राग काढ. सापवर काढ. जेठवर काढ."

दाराशी उभे असलेले जेठ खोकले. सुमनबाईंनी डोळे मिटले, ओठ दाताखाली धरला. मी जवळून पाहत होते. आधी अंगठा हलला, इतका कमी की मला वाटलं भास झाला. मग मधलं बोट. मग बाकीची, एकामागून एक, थरथरत आत वळायला लागली आणि आबांच्या बोटाभोवती बसली.

"जोरात!" हे मी ओरडले. औषधाच्या खिडकीपुढची रांग वळून पाहायला लागली. "सुमनबाई, जोरात!"

बोटं आवळली. आबांची तर्जनी टोकाला पांढरी पडली. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. सुमनबाईंनी डोळे उघडले आणि घाबरून विचारलं, "आबा, लागनं का तुमले?"

"लागनं व माय," आबा म्हणाले, "लई लागनं. सोडू नको."